लाल पट्टीचा पेनड्राइव्ह

सरांनी माझा पेनड्राइव्ह फाफड्याच्या कागदाने उचलला.

वर्तमानपत्राचा तेलकट तुकडा. त्यालाच त्यांनी आत्ता बोटं पुसली होती. तो कागद त्यांना चालला, माझा पेनड्राइव्ह चालला नाही. चिमटीत धरून त्यांनी तो सगळ्या वर्गाला दाखवला, मेलेली पाल शेपटीला धरून दाखवतात तसा.

“बघा, याला म्हणतात जंगलातला व्हायरस. फाइलचं नाव आहे, आत काय नाय. सगळी खाऊन टाकली.”

वर्ग हसला.

“आणि हा दोरा कसला गं? महालक्ष्मीचा? देवीला अँटिव्हायरस केलंस काय?”

वर्ग पुन्हा हसला. दोरा माझ्या आईने बांधला होता. विवळवेढ्याच्या यात्रेतून आणलेला काळा दोरा, एवढीशी वस्तू हरवू नये म्हणून. आणि मी काय केलं? मीही हसले. आज हे लिहिताना मला सरांची किळस येते, पण त्याहून जास्त माझ्या त्या हसण्याची येते. मान खाली घालून, दात दाखवून, सगळ्यांच्या बरोबरीने हसले मी. माझ्याच आईच्या दोऱ्यावर.

साल दोन हजार सोळा. मी तलासरीकडच्या एका पाड्यावरची. वारली. बारावी झालेली. डहाणू रोडला, मसोलीत, एका गाळ्यात हे कॉम्प्युटर सेंटर होतं. सर म्हणजे सेंटरचे मालक. समुद्राकडच्या बागायतदार घरातले, चिकूच्या वाड्यांचे धनी. मी तिथे कोर्स करत होते आणि फीच्या बदल्यात सेंटर झाडत होते, लादी पुसत होते, पाणी भरत होते. हजेरीच्या वहीत माझं नाव होतं. सरांच्या तोंडात नव्हतं. “ए तलासरी,” एवढंच.

सेंटरमध्ये सहा कॉम्प्युटर. पाच आत, एसीच्या थंडाव्यात, विंडोजवाले. सहावा दाराशी, चपला काढायच्या जागेला लागून. तो इतका जुना होता की विंडोज त्याच्यावर चालायचंच नाही. ठाण्याहून एक मॅडम काही दिवस फुकट शिकवायला आल्या होत्या, त्यांनी त्यात लिनक्स टाकून दिलं. मॅडम गेल्या. कॉम्प्युटर दाराशी राहिला. सर त्याला ‘पाड्याचा कॉम्प्युटर’ म्हणायचे. पाड्यावरून आलेल्या पोरांनी तिथेच बसायचं.

आणि पेनड्राइव्हचा नियम होता. पाड्यावरच्यांच्या पेनड्राइव्हला इलेक्ट्रिशियनची लाल पट्टी चिकटवायची. लाल पट्टीचा पेनड्राइव्ह फक्त सहाव्या कॉम्प्युटरला लागणार, आतल्या पाचांना नाही. कारण काय, तर व्हायरस. बागायतीतल्या पोरींचे पेनड्राइव्ह आत लागायचे, बाहुलीच्या आकाराचे, टरबुजाच्या आकाराचे. त्यांना पट्टी नाही. त्यांच्यात व्हायरस असतो का, हे कुणी कधी बघितलं नाही. आमचे पेनड्राइव्ह एका निळ्या साबणाच्या डबीत राहायचे. घरी नेताना मागून घ्यायचे, आणले की पुन्हा डबीत. आणखी एक नियम होता. सहाव्या कॉम्प्युटरचा पेनड्राइव्ह सरच काढणार, आम्ही हात लावायचा नाही. “तुम्ही लोक खेचाखेची करता, पोर्ट तुटतो,” असं त्यांचं म्हणणं.

पट्ट्या कोण चिकटवायचं? मी.

नवीन पोर दारात आलं की मी विचारायचे, “गाव कुठलं?” उत्तर ऐकायचे आणि कात्री उचलायचे. माझ्याच शेजारच्या पाड्याच्या पोरींना मी सांगितलंय, “आपल्याकडच्यात व्हायरस असतो गं.” आपल्याकडच्यात. हे शब्द माझ्याच तोंडातले आहेत. सरांनी मला नुसतं नोकर केलं नव्हतं, त्याच्याही पलीकडचं काहीतरी केलं होतं. मला पटवलं होतं.

आता त्या फाइलमध्ये काय होतं ते सांगते.

आमच्या पाड्यावर रूपजी आजा. माझ्या बापाचा चुलता, पाड्यातलं सगळ्यात जुनं माणूस. फॉरेस्टच्या प्लॉटचे, म्हणजे कसत आलेली वनजमीन नावावर करायचे, दावे भरायचं काम चाललं होतं. आजाच्या प्लॉटचा कागद कुठलाच नव्हता. फॉरेस्टवाल्यांनी नागलीचं उभं पीक उपटून टाकल्याची एक आठवण होती, आणि बांधावरचा एक दगड. असा कागद नसला की म्हाताऱ्या माणसाचा जबाब लागतो, कोण कधीपासून कसतो त्याचा. पाड्याच्या समितीने मला सांगितलं, “तू शिकलेली हायस, आजाचं बोलणं मोबाइलमधी घे नि टाइप करून आण. मग आंगठा घेऊ.”

मी आजाच्या ओट्यावर बसले आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. आजा बोलला. मोहाच्या झाडापासून खालच्या दगडापर्यंत, दगडापासून नाल्याच्या काठापर्यंत. कुठला तुकडा त्याच्या बापाने साफ केला, कुठला त्याने. कुठल्या साली कोण गार्ड आला, कुणी कुणाला झाडाला बांधलं. मध्येच खोकला. मध्येच कोंबडीला हाकललं. पण सगळं सांगितलं. शेवटी मोबाइलकडे बोट करून विचारलं, “पोरी, माजं बोलणं यात राहील नां?”

“राहील आजा,” मी म्हटलं.

माझा मोबाइल हलका. जागा भरलेली. समितीला आणखी दोघांचं बोलणं हवं होतं. म्हणून मी सेंटरला जाऊन मोबाइल वायरने सहाव्या कॉम्प्युटरला जोडला आणि आजाची फाइल पेनड्राइव्हवर टाकली. कॉम्प्युटरमध्ये ठेवून चाललं नसतं. सर त्याची रोज ‘साफसफाई’ करायचे, आमचं जे असेल ते पुसून टाकायचे. कॉपीची हिरवी रेघ भरली, खिडकी बंद झाली. झालं, असं मला वाटलं. सर आले, पेनड्राइव्ह खसकन ओढला आणि डबीत टाकला. डबीचा टपकन आवाज अजून माझ्या कानात आहे.

त्याच दिवशी, एसटीची वाट बघत असताना, मी मोबाइलमधलं रेकॉर्डिंग पुसलं. माझ्या बोटाने. जागा करायला.

मग लावणीचे दिवस आले, मी घरी राहिले आणि बाकी दोघांचं बोलणं मोबाइलमध्ये घेतलं. त्या दिवसांत रूपजी आजाला लकवा मारला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं आणि बोलणं गेलं. नुसता घशातून आवाज. मी बघायला गेले तर त्याने डावा हात उचलून माझ्या मोबाइलकडे केला. मी म्हटलं, “हाय आजा, तुजं बोलणं नीट हाय.” तो शांत झाला.

लावणी उरकून मी सेंटरला आले, टाइप करायला बसले, फाइल उघडली. नाव होतं, ‘रूपजी आजा’. माप शून्य. पुन्हा उघडली. शून्य. मी सरांना हाक मारली, सर फाफडा खात आले, आणि पुढचं मी वर सांगितलंच आहे.

त्या संध्याकाळी मी रडले नाही. चारोटीपर्यंत जीपमध्ये खिडकीबाहेर तोंड काढून बसले. आजाला काय सांगू, एवढंच डोक्यात. आणि त्याच्याखाली दुसरं एक, बारीक, घाणेरडं: सर म्हणतात ते खरं असेल का? आमच्यातच काही आहे का, की आमच्याकडे आलेली वस्तू नासते?

बघा. इथपर्यंत पोचले होते मी.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर घरी जेवायला आणि झोपायला गेले. मी लादी पुसत होते. सहाव्या कॉम्प्युटरच्या डब्यावर सरांनी एक कागद चिकटवला होता: ‘लाल पट्टीचे पेनड्राइव्ह फक्त येथे.’ ओल्या फडक्याने त्याचा कोपरा सुटला. खाली दुसरा कागद दिसला. निळ्या शाईचं, गोल अक्षर. ठाण्याच्या मॅडमचं. मी सरांचा कागद पूर्ण सोलून काढला.

मॅडमनी मराठीत लिहून ठेवलं होतं. पेनड्राइव्ह लावला की लिनक्स तो आपल्या एका फोल्डरला जोडून घेतं, त्याला माउंट करणं म्हणतात. काढण्याआधी तो सोडवायचा, म्हणजे अनमाउंट करायचा. खाली जाड रेघ मारून: ‘कॉपी झाली असे दिसले तरी लिहिणे आत चालू असते. न सोडवता ओढलात तर फाइल रिकामी राहील.’

मी फडकं हातात धरून ते तीनदा वाचलं. रिकामी राहील. व्हायरस नाही. आमचा पाडा नाही, माझ्या आईचा दोरा नाही. ओढलात तर.

ओढलं कुणी होतं?

मला खात्री करायची होती. आता कुणाच्या सांगण्यावर मी काही पटवून घेणार नव्हते, मॅडमच्याही नाही. मोबाइलमधलं दुसऱ्या म्हाताऱ्याचं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर टाकलं. या वेळी मोबाइलमधून पुसलं नाही. रेघ भरली. सरांसारखा ओढला. परत लावला. नाव आहे, माप शून्य. पुन्हा टाकलं. मग कागदात होतं तसं काळी खिडकी उघडून आधी lsblk लिहिलं. कॉम्प्युटरला काय काय जोडलेलं आहे त्याची यादी आली. तळाला माझा पेनड्राइव्ह, sdb1. त्याच्या फोल्डरमध्ये जाऊन फाइल बघितली, आणि तिथूनच सोडवायला गेले: sudo umount /dev/sdb1. सुडो म्हणजे मालकाच्या अधिकाराने. पासवर्ड मागितला. तो मॅडमनी कागदावरच लिहिला होता. मी घातला. मशीनने घेतला. गाव विचारलं नाही.

पण सुटेना. ‘टारगेट इज बिझी.’ म्हणजे कुणीतरी तो वापरतंय. कोण वापरतंय, मी एकटीच तर आहे! कपाळाला हात लावला. मग कागदातली शेवटची ओळ दिसली: ‘तुम्ही स्वतः त्या फोल्डरमध्ये बसला असाल तर आधी बाहेर या.’ मी cd लिहून बाहेर आले, पुन्हा सोडवलं. आता मशीन गप्प. पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकत राहिला, बराच वेळ. रेघ भरून गेल्यावरसुद्धा तो लिहीत होता. तेवढा वेळ आजाच्या बोलण्याला कुणी दिला नाही. दिवा थांबला, खिडकीत नवी ओळ आली, मग मी काढला, परत लावला, उघडलं. म्हाताऱ्याचा आवाज स्वच्छ, मागे बैलाच्या गळ्यातली घंटा.

मी ओल्या लादीवर बसून राहिले. डबीतले सगळे पेनड्राइव्ह आठवले. कुणाची शाळेची फाइल गेली होती, कुणाचे लग्नाचे फोटो. प्रत्येक वेळी सर म्हणाले होते, व्हायरस. प्रत्येक वेळी मी मान हलवली होती. सहाव्या कॉम्प्युटरवर आम्हांलाच बसवलं, आमचेच पेनड्राइव्ह तिथे लावले, आणि तिथूनच ते स्वतःच्या हाताने खसाखस ओढले. फाइली मेल्या त्यांच्या हाताने. घाण ठरलो आम्ही.

मी ते सरांना लगेच सांगितलं नाही. घाबरले. हेही लिहून ठेवते.

चारेक दिवसांनी आतला मोठा कॉम्प्युटर बंद पडला. परीक्षेचे फॉर्म त्या दिवशी जायचे होते. त्यांची दुसरी प्रत तेवढी सहाव्यावर होती. सर स्वतःचा चकचकीत पेनड्राइव्ह घेऊन दाराशी आले, चपलांमध्ये उभे राहिले. “ए तलासरी, फॉर्मची फाइल याच्यावर टाक. पटकन.”

मी टाकली. रेघ भरली. त्यांचा हात पुढे आला.

“सर, थांबा. सोडवते आधी.”

“तू मला शिकवणार?” खसकन.

ते आतल्या दुसऱ्या कॉम्प्युटरला गेले. सगळा वर्ग बसलेला. थोड्या वेळाने आतून ओरड आली. “रिकामी आहे! बघितलं? त्या डब्यातला व्हायरस माझ्या पेनड्राइव्हला लागला!”

मी आत गेले. पाच कॉम्प्युटरच्या खोलीत झाडू नसताना मी पहिल्यांदा गेले होते.

“सर, व्हायरस नाही. तुम्ही ओढलात. आणा इकडे.”

त्यांनी दिला, बहुतेक रागाच्या भरात. मी दाराशी आले. तोच पेनड्राइव्ह, तोच कॉम्प्युटर, तीच फाइल. सगळे उठून पाठीमागे उभे राहिले. रेघ भरली. सरांचा हात पुन्हा पुढे आला, सवयीने. मी पोर्टवर तळवा ठेवला.

“हात लावू नका.”

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. मी सोडवायची आज्ञा दिली, दिवा थांबेपर्यंत थांबले, सगळ्यांना थांबवलं. मग काढून त्यांच्या हातात दिला. “आता उघडा.”

फॉर्म उघडले. सगळेच्या सगळे.

“माझ्या आजाचं बोलणं तुम्ही असंच ओढलं,” मी म्हटलं. “आता त्याला बोलता येत नाही.”

वर्गात कुणी हसलं नाही. मला वाटलं, आता काहीतरी होईल. माणूस निदान खाली बघेल. सरांनी मला दारापर्यंत नेलं आणि हळू आवाजात, समजूत काढल्यासारखं म्हणाले, “बरं, तुझं बरोबर. पण पोरांसमोर शहाणपणा नको. आणि डबी राहू दे. चांगल्या घरच्या पोरी येतात, त्यांच्या आयांना बरं वाटतं.”

बरं वाटतं.

व्हायरसवर त्यांचा विश्वास होता तोवर मी त्यांना अडाणी म्हणू शकले असते. आता खरं कळलं होतं, आणि तरी डबी हवी होती. डबी व्हायरससाठी नव्हतीच कधी. तेव्हा जी किळस आली ती पोटातून आली, आंबलेलं काहीतरी तोंडात आल्यासारखी. आजही सुगंधी साबणाचा वास आला की येते.

मी कपाटातून डबी काढली. एकेका पेनड्राइव्हची लाल पट्टी नखाने सोलली. माझ्याच हाताने लावलेल्या होत्या, घट्ट होत्या. नखाखाली चिकट गोंद साचला. सगळ्या पट्ट्यांचा गोळा करून सरांच्या टेबलावर, फाफड्याच्या पुडीशेजारी ठेवला. पेनड्राइव्ह ज्याच्या त्याच्या हातात दिले. ज्यांच्या पट्ट्या मी लावल्या होत्या त्यांना म्हटलं, “मी खोटं बोलले होते. आपल्यात काही नाही.” मॅडमचा कागद घडी करून घेतला. झाडू जिथे होता तिथे राहिला.

रूपजी आजाचा दावा परत आला. ‘सदर तुकड्याबाबत ज्येष्ठ व्यक्तीचा जबाब जोडलेला नाही.’ एवढीच ओळ. बाकी दोघांचे जबाब जोडले होते, पण दगडापासून नाल्यापर्यंतच्या तुकड्याचं त्यांना माहीत नव्हतं. मी आजाजवळ बसून त्याला सगळं सांगितलं, सरांचा हात आणि माझं बोटही. त्याने डावा हात उचलून मोबाइलकडे केला. मी मान हलवली. नाही आजा, यात नाही. हात बराच वेळ तसाच राहिला, मग त्याने तो खाली ठेवला. पुढच्या वर्षी आजा गेला. मला त्याने माफ केलं की नाही, ते मला माहीत नाही. विचारायला मला तोंडच राहिलं नव्हतं.

आता पाड्यावरच्या समाजमंदिरात एक टेबल आहे, त्यावर कुणीतरी टाकून दिलेला एक कॉम्प्युटर. त्यात लिनक्स मी स्वतः टाकलंय. पोरी येतात, बाप्ये येतात, समितीचे म्हातारे येतात. पहिल्या दिवशी मी पेनड्राइव्ह लावायला शिकवत नाही. काढायला शिकवते. दिवा थांबेपर्यंत थांबायला लावते. दुसरीकडे उघडून बघितल्याशिवाय मोबाइलमधलं काही पुसायचं नाही, हा माझा नियम, आणि तो मी आजाच्या नावाने सांगते. सरांचंही नाव सांगते. इथे लिहिलं नाही. वर्गात पूर्ण घेते, आडनावासकट.

मध्ये त्याच सरांच्या ओळखीचे एक वाडीवाले आले होते, काही कागद आमच्याकडून हवे होते. रेघ भरली आणि त्यांचा हात सवयीने पुढे आला. मी त्यांचं मनगट धरलं आणि दिवा थांबेपर्यंत सोडलं नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. मी दिव्याकडे बघत होते.

इथून पुढे असंच. माझ्या माणसांचं लिहिणं चालू असताना जो हात न विचारता पुढे येईल, तो मी धरणार.